नर्सिंगला कोण जाणार? अजिंठ्याच्या मुलामुलींची उत्तरे आणि आपल्या सर्वांचा प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या ओपीडीत आजारी नसलेली माणसेही येऊ लागतात. सोबत मुलगी असते, क्वचित मुलगा. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स असते. रांगेत थांबून, केसपेपर काढून आत येतात आणि विचारतात, "साहेब, हिला नर्सिंगला घालावं का?"

तुमच्याही घरात हा प्रश्न निघाला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. निघाला नसेल तरी वाचा. आणखी दहा वर्षांनी तुम्ही रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयात दाखल असाल, तेव्हा तुमच्या खाटेजवळ कोण असेल हे आज पंधरा-सोळा वर्षांची असलेली ही मुले ठरवत आहेत.

अजिंठा म्हटले की बाहेरच्यांना लेणी आठवतात. आम्हाला आठवतो तो सिल्लोड तालुक्यातला घाटमाथ्यावरचा गाव, आजूबाजूला कापूस, मका आणि मिरची. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, सिल्लोडला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि केस हाताबाहेर गेली तर शंभरेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरची 'घाटी'. या भागातल्या शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत मी रक्तक्षय, मासिक पाळी, सर्पदंश अशा विषयांवर बोलायला जातो. शेवटी मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लागली आहे: तुमच्यापैकी नर्स कोणाला व्हायचे आहे? याला पाहणी म्हणता येणार नाही, मी काही आकडे मांडलेले नाहीत. पण उत्तरे पुन्हा पुन्हा तीच येतात, म्हणून ती सांगण्यासारखी आहेत.

मुले काय म्हणतात

डॉक्टर व्हायचे आहे का, असे विचारले की हात पटापट वर होतात. नर्स म्हटले की वर्गात आधी हसू फुटते. मग मागच्या बाकावरच्या दोन-तीन मुली शेजारणीकडे बघत हात अर्धवट वर करतात. मुलांकडून हात येत नाहीत. एकदा एकाने केला, तर सगळा वर्ग त्याला 'सिस्टर, सिस्टर' म्हणून चिडवू लागला. पुढच्या वेळी तो मुलगा हात वर करणार नाही, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

कारणे विचारली की मिळणारी उत्तरे अशी: "डॉक्टरच्या हाताखालचं काम आहे." "नाइट असते." "घाण काढावी लागते." "हुशार मुली नीट देतात." आणि एक उत्तर, जे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होतो: "सर, तुम्हीच ओपीडीत सिस्टरला ओरडता. मी आईबरोबर आले होते तेव्हा बघितलं."

तिला काय उत्तर द्यायचे? मी ओरडलो होतो, हे खरेच होते.

हात वर करणाऱ्या मुलींची कारणेही ऐका. "आईला बरं नसतं, मला तिला इंजेक्शन देता यायला पाहिजे." "लवकर नोकरी लागते." आणि एका अकरावीच्या मुलीने कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले, "हॉस्टेल मिळतं." याचा अर्थ मला जरा उशिराच कळला. बारावी झाली की घरी स्थळांची बोलणी सुरू होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. मराठवाड्यातल्या कोणत्याही आरोग्यसेविकेला विचारा, इकडचे चित्र त्याहून बरे आहे असे ती म्हणणार नाही. बाहेरगावी शिकायला ठेवायला तयार नसलेले वडील नर्सिंगच्या हॉस्टेलला मात्र कधीकधी तयार होतात, कारण तिथे मुली असतात, युनिफॉर्म असतो आणि शेवटी नोकरी असते. त्या मुलीला नर्सिंग आवडते की नाही, हा प्रश्न तिच्यापुरता दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तिला आणखी तीन-चार वर्षे हवी आहेत. हे कारण कमी दर्जाचे आहे असे मला वाटत नाही.

'हाताखालचे काम' म्हणजे काय

माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो. पावसाळ्यातली रात्र. नऊ-दहा वर्षांचा मुलगा पोटात दुखते म्हणून आला. उलटी झालेली, ताप नाही, पोट मऊ. मी पोटदुखीचे इंजेक्शन लिहिले, सकाळी बघू म्हणालो आणि खोलीवर गेलो. तासाभरात सिस्टरने माणूस पाठवला. तिचा निरोप एवढाच होता: "पोराच्या पापण्या उतरल्यात, साहेबांना म्हणावं लगेच या."

मुलगा जमिनीवर झोपलेला होता आणि त्याला मण्यार चावली होती. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. दंशाची खूण कित्येकदा दिसत नाही, सूज येत नाही, वेदना फारशी नसते. पोटदुखी किंवा घसा दुखणे एवढ्यावरच सुरुवात होते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान धरवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मला हे पुस्तकातून माहीत होते. सिस्टरला ते दिसले, कारण ती दर थोड्या वेळाने त्याच्याजवळ जाऊन त्याच्याशी बोलत होती. त्या रात्री तिच्याकडे प्रसूतीची एक बाई आणि इतर दाखल रुग्णही होते. एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचे औषध, सुरू करताना त्याची जोरदार ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिन भरून ठेवावे लागते. ते मी सांगण्याआधी तिने भरून ठेवले होते. पुढे श्वास कमी पडू लागला तेव्हा अॅम्ब्युलन्समध्ये मोठ्या दवाखान्यापर्यंत अम्बू बॅग हाताने दाबत कोण गेले, ते तुम्ही ओळखले असेल. मुलगा जगला. केसपेपरवर निदान माझ्या अक्षरात आहे.

नर्सचे मुख्य काम इंजेक्शन टोचणे हे नाही. ते काम आहे पाहत राहण्याचे. डॉक्टर रुग्णाला दिवसातून काही मिनिटे भेटतो. उरलेल्या वेळात नाडी वाढली का, लघवी कमी झाली का, बाळंतिणीचा रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त आहे का, कालपर्यंत बोलणारा म्हातारा आज गप्प का आहे, हे बघणारी आणि वेळीच हाक मारणारी व्यक्ती म्हणजे नर्स. हाक मारायची कधी, हे ठरवायला ज्ञान लागते.

याचा पुरावाही आहे. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या ९ देशांतील ३०० रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाख २२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात तपासली होती. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला, तर ३० दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. जिथे पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त होते, तिथे ती तितकीच कमी होती. अशा अभ्यासातून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण ज्याने रात्रपाळीतला वॉर्ड पाहिला आहे त्याला या आकड्यांचे नवल वाटणार नाही. आपल्याकडे केंद्र सरकारचा जुना निकष सर्वसाधारण वॉर्डात प्रत्येक पाळीला सहा रुग्णांमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक असा आहे. पुढच्या वेळी नातेवाइकाला भेटायला सरकारी दवाखान्यात जाल तेव्हा खाटा मोजा आणि सिस्टर मोजा.

इथे थोडे विषयांतर करतो. सोळाव्या लेण्यात 'मरणासन्न राजकुमारी' म्हणून प्रसिद्ध असलेले चित्र आहे. आता बरेच पुसट झाले आहे. नंदाने संन्यास घेतल्याची बातमी ऐकून त्याची पत्नी सुंदरी कोसळते, असा प्रसंग. शाळेच्या सहली तिथे येतात, राजकुमारीची गोष्ट ऐकतात आणि पुढे जातात. पुढच्या वेळी तिच्या भोवतीच्या बायका बघा. एकीने मागून आधार देऊन तिला उठते धरले आहे. एक वारा घालते आहे. एकीने तिचा हात हातात घेतला आहे, बहुधा नाडी बघते आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरची काळजी दीड हजार वर्षांनंतरही ओळखू येते. चित्रकाराला हे काम नीट माहीत होते.

परदेशातली मुलेही नको म्हणत आहेत

हा फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही. श्रीमंत देशांची संघटना ओईसीडी पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची चाचणी घेते. त्यात एक प्रश्न असतो: तिसाव्या वर्षी तुम्ही काय काम करत असाल? २०१८ आणि २०२२ च्या उत्तरांची तुलना केली तर संघटनेतल्या निदान निम्म्या देशांत नर्स असे उत्तर देणाऱ्या मुलांचे प्रमाण घटले आहे. मधल्या काळात कोरोना येऊन गेला, लोकांनी गॅलरीत उभे राहून नर्ससाठी टाळ्या वाजवल्या. मुलांनी टाळ्या ऐकल्या, आणि पीपीई किटमध्ये बारा-बारा तास काम करून रडवेले झालेले चेहरेही पाहिले. भारत २०२२ च्या या चाचणीत नव्हता, त्यामुळे आपल्या मुलांबद्दल असा आकडा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १२ मे २०२५ रोजी, जागतिक परिचारिका दिनी, जगातल्या नर्सचा अहवाल प्रसिद्ध केला. २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि ५८ लाखांची कमतरता होती. जगातल्या दर सात नर्समागे एक परदेशात जन्मलेली आहे. श्रीमंत देशांत हे प्रमाण आणखी जास्त, सुमारे २३ टक्के आहे.

आता दोन्ही गोष्टी जोडून बघा. जर्मनीतला पंधरा वर्षांचा मुलगा नर्स व्हायला नको म्हणतो, तेव्हा तिथली जागा रिकामी राहत नाही. ती भरायला शिवन्याची किंवा सिल्लोडची मुलगी बोलावली जाते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. दहा हजार जणांची चर्चा होती आणि त्या यादीत परिचारिकाही आहेत. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या प्रश्नात एक शब्द वाढला: "नर्सिंग केलं की जर्मनी होतं ना?" होऊ शकते. पण नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून, नोंदणी करून, जर्मन भाषा साधारणपणे बी-टू पातळीपर्यंत शिकून आणि तिथली मान्यता मिळवून. भाषेलाच वर्ष-दीड वर्ष सहज जाते. "सहा महिन्यांत जर्मनी" असे सांगून आगाऊ पैसे मागणारा एजंट दिसला तर उठून या.

मुलींनी परदेशी जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. केरळच्या नर्सनी पगार घरी पाठवून घरे उभी केली, आमच्या मुलींनी का करू नये? पण राज्याने स्वतःच्या रुग्णालयांत पदे रिकामी ठेवायची आणि दुसरीकडे नर्स निर्यात करण्याचे करार करायचे, हे मला पटत नाही.

मुलांना जे दिसते ते खरेच आहे

मुलांचे 'गैरसमज' दूर करावेत, त्यांना प्रेरणा द्यावी, असे शाळांत वारंवार सांगितले जाते. मला वाटते, मुलांचा समज बऱ्याच अंशी बरोबर आहे. जे चुकीचे आहे ते त्यांना दिसणारे वास्तव.

ज्या सिस्टरने पापण्या पाहिल्या, तिला मी नंतर कधीतरी विचारले, मुलीला नर्सिंगला घालणार का. ती म्हणाली, "नाही साहेब. तिला बी.एड. करू द्या. निदान दिवाळी घरी करील."

कायम शासकीय सेवेतल्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते. केंद्र सरकारच्या रुग्णालयात ते ४४,९०० पासून. ही चांगली नोकरी आहे, यात शंका नाही. पण त्याच वॉर्डात, त्याच टेबलावर काम करणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी स्टाफ नर्सच्या जाहिरातीत महिना २०,००० रुपये मानधन दिसत आले आहे. खासगीत तर विचारायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार २०१६ मध्ये नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला २०,००० पेक्षा कमी पगार नसावा आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर तो सरकारी नर्सएवढा असावा, अशी शिफारस केली होती. शिफारस कागदावर आहे. तालुक्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात काम करणाऱ्या ओळखीच्या मुलीला तिचा पगार विचारा आणि तुलना करा.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिका संपावर गेल्या, मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. मागण्या मुख्यतः दोन होत्या: कंत्राटी भरती नको आणि वेतनातली तफावत दूर करा. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांची चर्चा काही आठवडे चालली. मुले मोबाइलवर हे सगळे बघतात. शाळेत आम्ही फ्लोरेन्स नाइटिंगेलचा कंदील दाखवतो, आणि बातम्यांत त्यांना रस्त्यावर बसलेली सिस्टर दिसते. ती दुसरीवर विश्वास ठेवतात, यात त्यांचे काय चुकले?

सुरक्षिततेची भीतीही खरी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्याच कामाच्या जागी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली ४२ वर्षे त्यांना सांभाळले ते त्याच रुग्णालयातल्या नर्सनी. डॉक्टर, नर्स आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे. पण आईवडील कायदा विचारत नाहीत. ते विचारतात, रात्री आठला पाळी संपली तर मुलगी घरी कशी येईल, क्वार्टरला कडी आहे का, दवाखान्याच्या फाटकावर वॉचमन आहे का. मी एखाद्या रुग्णालयाचा कारभार पाहत असतो तर नर्सिंगच्या प्रचारावर एक रुपया खर्च न करता आधी ही कडी बसवली असती.

आणि जातीचा, शिवाशिवीचा भाग बोलल्याशिवाय 'घाण काढावी लागते' हे उत्तर समजणार नाही. परक्याच्या शरीराला, रक्ताला, मलमूत्राला हात लावणे कमीपणाचे, ही समजूत जुनी आहे. मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव १८९१ सालाशी जोडले जाते. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना नर्सिंग शिकायला पाठवले, तेव्हा घराघरांतून विरोध झाला. शंभर वर्षांनी विरोधाची भाषा सौम्य झाली आहे, एवढेच.

मुलांचे काय?

नर्सिंग बायकांचे, ही समजूत अजिंठ्यात जितकी पक्की आहे तितकी सगळीकडे नाही. राजस्थानातून पुरुष नर्स मोठ्या संख्येने येतात. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी, असे प्रमाण ठरवावे लागले, ते पुरुष उमेदवार पुष्कळ असल्यामुळेच. अपघात विभाग, डायलिसिस, अतिदक्षता, अॅम्ब्युलन्स इथे ब्रदर लोक उत्तम काम करतात. मुलाला आवड असेल तर हसण्यावारी नेऊ नका. मात्र जागा कमी आहेत हे त्याला आधी सांगा.

प्रवेशाआधी तुम्ही काय तपासाल

ओपीडीत मला सर्वात जास्त काळजी वाटते ती इथे. कित्येक पालक येतात तेव्हा पैसे भरून झालेले असतात. बसस्टँडजवळच्या फलकावर 'सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स, १०० टक्के नोकरी' असे वाचलेले असते. मुलगी वर्षभर दवाखान्यात राबते, सलाइन लावायला शिकते, आणि नंतर कळते की ती कागदोपत्री नर्स नाही. रुग्णसेवा सहायकाचे छोटे कोर्स असतात, त्यांचा उपयोगही आहे. पण त्यातून नर्स म्हणून नोंदणी होत नाही, सरकारी नर्सच्या पदाला अर्ज करता येत नाही आणि परदेशाचे तर नावच नको.

नोंदणी मिळवून देणारे मार्ग मुख्यतः तीन आहेत. एएनएम दोन वर्षांचा आहे, त्यातून उपकेंद्रातली आरोग्यसेविका होता येते. जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. तिन्हींना बारावी लागते आणि वय किमान १७ पूर्ण. बीएस्सीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच. म्हणजे दहावीनंतर कला शाखा घेतली तर बीएस्सीची वाट तिथेच बंद होते. हे पंधराव्या वर्षी कोणी सांगत नाही आणि अठराव्या वर्षी सांगून उपयोग नसतो. पूर्वी राज्यात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश नीटच्या गुणांवर होत, त्यामुळे 'डॉक्टर झाली नाही म्हणून नर्स' ही समजूत आणखी पक्की झाली. आता राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. मला हा बदल योग्य वाटतो, निदान अर्ज करणारीला आपण नर्सिंगसाठीच अर्ज करतो आहोत हे माहीत असते.

कॉलेजबद्दल तीन गोष्टी विचारा. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या यादीत ते या वर्षी आहे का? 'आहे' असे तोंडी उत्तर चालत नाही, यादी संकेतस्थळावर बघा. दुसरे, परीक्षा कोण घेते? बीएस्सीची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. तिसरे, मुली प्रत्यक्ष काम शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात आणि तिथे खाटा किती भरलेल्या असतात? रिकाम्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही.

फीचे म्हणाल तर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींसाठी राज्याने २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. तुमचे कॉलेज आणि कोर्स त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद अकरावीतच काढायला घ्या. तहसीलमध्ये जूनमध्ये काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे.

आणि मुलीला किंवा मुलाला एकदा जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या सुमारास जाऊ नका, तेव्हा पाळी बदलते आणि सिस्टर एकमेकींना रुग्ण सोपवत असतात. दुपारी चारला जा. मुलाला सिस्टरशी एकटे बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुम्ही समोर असलात तर ती तुमच्या सोयीचे सांगेल.